चौथा पाय

तांबडा दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. टीव्हीच्या काचेवर राखाडी उजेड यायचा, आता काहीतरी उमटणार असं वाटायचं आणि तेवढ्यात सगळं काळं व्हायचं. अभिमनने व्हिडिओ गेमचं मशीन बंद केलं, कॅसेट काढली, तिच्या तोंडात फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा दाबून बसवली. दिवा लागला आणि विझला. मागे खुर्चीत त्याचे वडील, आबा, बसले होते. त्यांच्या मांडीवर रिमोट होता आणि उजव्या हाताचा अंगठा बटणावर आधीच ठेवलेला होता. अभिमनला मागे वळून पाहायचं नव्हतं. न बघताही तो अंगठा त्याला पाठीवर टोचत होता. "होईल आबा," तो टीव्हीकडे बघतच म्हणाला. "नवं शे ना, जरा टाइम लागी." स्वयंपाकघरातून त्याची बायको सुनंदा पदराला हात पुसत आली, दिव्याची उघडझाप बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दुकानदाराने लावून दाखवलं नव्हतं का?" लावून दाखवलं होतं. धुळ्यात, आग्रा रोडवरच्या दुकानात, त्यांच्याच एका कॅसेटवर. ती छान चालली होती.

जुनं मशीन दिवाळीनंतर एका सकाळी आतून जळका वास येऊन बंद पडलं. जळगावात फुले मार्केटमधल्या एकाने ते उघडून बघितलं आणि मान हलवली. म्हणून अभिमन धुळ्याला गेला होता, कारण त्या कंपनीचा माल ठेवणारा जवळचा दुकानदार तिथेच होता. त्याच कंपनीचं, त्याच नावाचं मशीन, खोक्यावर चित्रही तेच. येताना एसटीत त्याने ते मांडीवर घेतलं होतं, पारोळ्याला गर्दी वाढली तरी खाली ठेवलं नव्हतं. आता ते मशीन दिवा मिचकावत बसलं होतं, आणि खोलीतला एक म्हातारा माणूस नदी सुरू होण्याची वाट बघत होता.

कॅसेटमध्ये नदीच होती. एक निळी होडी, वरून खाली वाहणारं पाणी, मधूनमधून आडवे येणारे ओंडके, आणि काही अंतरावर एकेक पूल. बटण दाबलं की होडी उडी मारायची. छगन, म्हणजे अभिमनचा धाकटा भाऊ, मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या पोरांनी ते सगळं आणलं होतं, आणि जाताना कंटाळून इथेच टाकून गेली होती. त्याच उन्हाळ्यात आबांना गावी कापसाच्या वखारीसमोर लकव्याचा झटका आला. आबा म्हणजे भाईदास पाटील. पांझरेच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलणारा माणूस. लहानपणी अभिमनला वाटायचं की आबांचा आवाज पाण्यावरून चालत जातो. झटक्यानंतर उजवा हात लाकडासारखा झाला आणि तोंडातून फक्त एक लांबट 'ऊं' निघायला लागला. जळगावच्या डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला, दिवसातून शंभरदा दाबायला. आबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. दोनदा सुनंदा खाली जाऊन घेऊन आली, तिसऱ्यांदा गेली नाही. मग एका दुपारी तिने करमणूक म्हणून टीव्हीला मशीन जोडलं, आबांच्या मांडीवर रिमोट ठेवला आणि त्यांचा उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला. होडी ओंडक्यावर आपटून फुटली. आबांनी भुवई चढवली. पुन्हा होडी, पुन्हा ओंडका. चार वाजता तो अंगठा किंचित, अगदी एखादी मुंगी झटकावी तितका, हलला होता.

पुढचं दीड वर्ष त्या घरात दुपारी दहा-पंधरा सुरांचं एक किरटं संगीत वाजत राहिलं. अभिमनला ते आधी नको वाटायचं. ऑफिसातून आलं की आपल्या बापाला, ज्याने उभ्या हयातीत पत्त्यांना हात लावला नाही त्याला, पोरांच्या खेळण्यासमोर वाकून बसलेलं बघायचं. त्याला कुठेतरी लाज वाटायची, शेजारचं कोणी आलं की तो उठून टीव्हीच्या आड उभा राहायचा. पण अंगठ्यामागून पहिलं बोट आलं. मग मनगट वळायला लागलं. आणि फाल्गुनात, होडी पहिल्यांदा पुलाखालून निघाली तेव्हा, आबा म्हणाले, "पूल." स्वच्छ. सुनंदाच्या हातातली ताटली खाली पडली. त्यानंतर 'डावं' आलं, 'पानी' आलं, 'मंजुळा' आलं, म्हणजे अभिमनची आई; तिला वारून सहा वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, हे चालू ठेवा, काहीही करून चालू ठेवा.

नव्या मशीनचा दिवा मिचकावला त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून अभिमन पुन्हा धुळ्याला गेला. रतिलाल, दुकानाचा मालक, गोरा आणि हळू बोलणारा, त्याने कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी केली आणि लगेच परत दिली. "ही तिकडची आहे भाऊ. आखाती. मशीन इकडचं आहे."

"कंपनी एकच आहे ना?"

"एकच आहे. म्हणून तर. मशीनमध्ये एक चिप असते, कॅसेटमध्ये एक असते. दिवा लागला की दोघी आपसात बोलतात. ओळख पटली तर खेळ सुरू. नाही पटली तर मशीन स्वतःलाच बंद करतं, पुन्हा सुरू करतं, पुन्हा बंद करतं. बिघाड नाही तो. तसंच बनवलंय."

"मग ह्याच खेळाची इकडची कॅसेट द्या."

"हा खेळ कंपनीने इकडे आणलाच नाही."

अभिमन काउंटरच्या काचेवर हात ठेवून उभा राहिला. काचेखाली रंगीत खोकी रांगेने मांडलेली होती. तो म्हणाला, "पण कॅसेट आमची आहे. भावाने पावती घेऊन विकत घेतलेली, चोरीची नाही. मशीन आमचं. तुमच्याच सहीचं बिल आहे. दोन्ही आमचं, तर मग मधे कोण आलं?" रतिलालने खोक्यामागची बारीक अक्षरं त्याच्यापुढे धरली, चष्मा कपाळावर सरकवला. "प्लास्टिक तुमचं भाऊ. आतला खेळ कंपनीचा. त्यांनी तुम्हाला खेळायची परवानगी दिलीय, त्यांनी सांगितलेल्या मशीनवर, त्यांनी सांगितलेल्या मुलखात. मी नाही म्हणत, इथे लिहिलंय." मग आजूबाजूला बघून, आवाज आणखी उतरवून तो म्हणाला, "मागच्या बोळात तोताराम म्हणून आहे, रेडिओवाला. तो चिपचा एक पाय कापतो. मग चालते. पण खालचं सील फुटेल. सील फुटलं की कंपनी हात वर करते, आणि कायद्यातही बसत नाही म्हणतात. माझ्याकडून कळलं असं सांगू नका."

सील हा शब्द ऐकल्यावर अभिमनने काचेवरचा हात काढून घेतला. एकवीस वर्षं तो त्या शब्दावर जगला होता. वीज खात्यात मीटर तपासणीला होता तो. पिशवीत शिशाच्या गोळ्या, पिळाची तार आणि चिमटा घेऊन जिल्हाभर फिरलेला, लोकांच्या ओसरीवर, गोठ्यात, गिरणीत, दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेल्या खात्याच्या डब्यांना सील ठोकत आणि फुटलेली सीलं पकडत. सील न फोडता उघडायचे सात प्रकार त्याला ठाऊक होते. तो बोळाच्या तोंडापर्यंत गेला. आत तोतारामच्या दुकानाची पाटी दिसत होती, एक रेडिओ खरखरत होता. तिथूनच तो वळला आणि स्टँडवर आला. एरंडोलला बस थांबली तेव्हा धरणगावकडे जाणारा फाटा खिडकीतून दिसला, आणि त्याने खिडकीकडची मान फिरवून घेतली. ही त्याची आठ वर्षांची सवय होती.

सत्त्याऐंशी साली धरणगावात झुंबरबाईची पिठाची गिरणी होती. नवरा नव्हता, ती स्वतः पट्टा चढवायची, स्वतः जात्याला टाकी लावायची, आणि केसांवर, भुवयांवर पीठ बसून ती असेल त्यापेक्षा म्हातारी दिसायची. अभिमनने तिचं मीटर बघितलं तर सील तुटलेलं, तारेची दोन टोकं बाहेर आलेली. तिने लपवलं नाही. म्हणाली, आत मुंगळ्यांनी घर केलं होतं, चटचट आवाज यायचा, आग लागेल म्हणून उघडून फडक्याने पुसलं आणि झाकण लावलं. "तुम्ही खात्याला कळवायचं," अभिमन म्हणाला. "दोन डाव कळावं भाऊ. कोनी उनं नई." दोनदा कळवूनही कोणी आलं नव्हतं, हे ऐकत तो वहीत लिहीत होता. तिने त्याच्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत विचारलं, "मीटर मन्ह्या भितवर शे ना? मंग ते मनं नई का?" तिला खरंच कळत नव्हतं, तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आणि अभिमनने, तेव्हा तो पस्तिशीचा आणि फार खात्रीचा होता, तिला समजावून सांगितलं होतं की भिंत तुमची, मीटर खात्याचं, तुम्ही फक्त वापरायचं. हेच, जवळजवळ याच शब्दांत. मीटर तपासणीत निर्दोष निघालं. आकडे बरोबर होते, एक युनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं. पण फुटलेलं सील हे फुटलेलं सील, आणि त्याचा अहवाल आधीच वर गेला होता. वीज तोडली ती सात महिने जोडली गेली नाही. पुढच्या वर्षी तो त्या बाजूला गेला तेव्हा गिरणीच्या जागी सायकलचं दुकान होतं. बाई शिरपूरला लेकीकडे गेली म्हणे. कोणी त्याला दोष दिला नाही. साहेबांनी तर चांगलं काम केलं म्हणून सांगितलं. त्याने हे सुनंदालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? नियम होता. नियम नसता, तर मात्र त्या बाईच्या गिरणीचं उत्तर द्यायला तो एकटाच उरला असता.

म्हणून त्याने कंपनीला पत्र लिहिलं. मुंबईच्या पत्त्यावर, रजिस्टरने, बिलाची नक्कल जोडून. वडिलांचा आजार, डॉक्टरांचा सल्ला, कॅसेटचा नंबर, सगळं सविस्तर. शेवटी नम्र विनंती. छगनला मस्कतला फोन लावला. "भाऊ, ते मशीन आता इकडे मिळतच नाही," छगन म्हणाला. "नवीन आलंय. त्याच्यात ही कॅसेट बसतसुद्धा नाही. मी आबांसाठी नवंच पाठवू का? मस्त गेम आहेत." मागे त्याची पोरं अरबीत की इंग्रजीत ओरडत होती. अभिमन नको म्हणाला. रतिलालकडून त्याने इकडची एक कॅसेट आणली होती, ती आबांपुढे लावली. दोन माणसं एकमेकांना लाथा मारत होती. आबांनी थोडा वेळ बघितलं आणि रिमोट डाव्या हाताने उचलून, गरम तवा उतरवावा तसा, बाजूला ठेवला.

मग ती वाट बघण्याची थंडी आली. दुपारी घरात कुठलंच संगीत नव्हतं आणि ज्याची त्याला लाज वाटायची तेच अभिमन आता जिन्यात थांबून ऐकायचा प्रयत्न करायचा. आबा रोज तीन वाजता स्वतःहून खुर्चीत येऊन बसायचे, काळ्या काचेकडे बघायचे. पौष संपेपर्यंत बसले. मग एक दिवस आले नाहीत, सुनंदाने बोलावलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोटं आत वळायला लागली. सुनंदा रात्रंदिवस तेल चोळायची, सकाळी उघडलेली मूठ संध्याकाळी पुन्हा मिटलेली असायची. आधी 'डावं' गेलं. 'पूल' केव्हा गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अभिमन ऑफिसला जाण्याआधी मशीन उलटं करायचा. तळाशी एका स्क्रूवर चांदीच्या रंगाचा छोटा गोल कागद चिकटवलेला होता, त्यावर इंग्रजीत, उघडू नये. तो नखाने त्याची कड चाचपायचा. वाफ दिली तर निघेल, उन्हात तापवला तर निघेल, हे त्याच्या हाताला माहीत होतं. तो मशीन सरळ करून ठेवायचा आणि त्यावर फडकं टाकायचा.

"काय बघता रोज उठून?" एकदा सुनंदा दारातून म्हणाली. "ते तुमच्या ऑफिसचं सील नाही. कोण येणारंय आपल्या घरात तपासायला?"

"पत्राचं उत्तर येऊ दे."

"उत्तर येईल हो. आबांचा हात परत येईल का?"

"नियम असतो सुनंदा, काही विचार करून केलेला असतो. प्रत्येकजण आपल्यापुरतं उघडायला लागला तर—"

"तर काय?"

अभिमनने मशीनवर फडकं टाकलं. सुनंदा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कंपनीसाठी थांबलेले नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी थांबलाय. मला माहीत नाही कशासाठी. पण त्याचं मोल तो माणूस देतोय," आणि आतल्या खोलीकडे हात केला. अभिमनने चप्पल घातली आणि बाहेर पडला. रिंग रोडने चालत रेल्वे फाटकापर्यंत गेला. केळीचे ट्रक एकामागून एक जात होते. झुंबरबाईला आज कोणी विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं? की त्या माणसाने माझं तोडलं आणि स्वतःचं मात्र उघडलं? का ती पीठ झटकत म्हणाली असती, उघड ना भाऊ, आत मुंगळे शेत ना? दोन्हींतलं दुसरं त्याला जास्त असह्य वाटलं.

कंपनीचं पत्र मार्चमध्ये आलं. टाइप केलेल्या पाच ओळी. आपली कॅसेट या प्रदेशासाठी नाही, मशीन उघडल्यास हमी रद्द होईल, आपल्या वडिलांच्या प्रकृतीबद्दल खेद वाटतो. खाली कोणाची तरी सही, इतकी घाईची की नाव लागत नव्हतं. अभिमनने ते पत्र तीनदा वाचलं. त्याला ते ओळखीचं वाटत होतं, आणि तिसऱ्यांदा वाचताना कळलं की अशी पत्रं त्याने स्वतः लिहिली होती. खेद वाटतो हे शब्दसुद्धा तेच. आणि लिहिताना त्याला कधी खेद वाटला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो मशीन घेऊन धुळ्याला गेला, आणि या वेळी बोळाच्या तोंडाशी थांबला नाही. तोताराम पन्नाशीचा, एका डोळ्याला भिंग लावलेला माणूस होता. त्याने काही न विचारता मशीन उलटं केलं, मग चांदीच्या कागदावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून वर बघितलं. "फोडू?" अभिमनने मान हलवली. कागद फाटला तेव्हा आवाजही झाला नाही. आत हिरवी पाटी, तिच्यावर काळे किडे बसल्यासारख्या चिपा. तोतारामने एकीवर बोट ठेवलं. "ही चौकीदारीन. सोळा पाय. चौथा कापला की हिला वाटतं, आपणच किल्ली आहोत. मग ती कोनाले इचारत नई." त्याने नखं कापायचं साधं यंत्र पुढे केलं. "तुम्हीच कापा भाऊ. मशीन तुमचं. उद्या कोणी म्हणायला नको, तोतारामने केलं."

अभिमनने ते यंत्र घेतलं. हजारो तारा कापलेल्या हाताने त्याने चौथा पाय मोजला. पाय केसाएवढा होता. चुट्. बस, एवढंच. त्याला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीत काहीतरी सुटेल किंवा तुटेल. रेडिओ खरखरत राहिला. तोतारामने कॅसेट बसवली, आपल्या छोट्या टीव्हीला वायर लावली, आणि दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. निळी होडी आली. "घ्या. पाच मिनिटांचं काम," तोताराम म्हणाला. पाच मिनिटांचं. अभिमनने मनातल्या मनात नोव्हेंबरपासूनचे महिने मोजले आणि मोजणं मधेच सोडून दिलं.

घरी पोचला तेव्हा ऊन खिडकीतून खुर्चीपर्यंत आलेलं होतं. सुनंदा आणि तो, दोघांनी धरून आबांना बसवलं. मशीन जोडलं. ते किरटं संगीत सुरू झालं आणि सुनंदाने तोंडावर पदर धरला. आबांनी मान वर केली. पाणी वाहत होतं. अभिमन त्यांच्या पायाशी बसला, मिटलेली मूठ त्याने एकेक बोट करून उघडली, रिमोट ठेवला, अंगठा बटणावर नेला. "आबा, पूल येई राह्यना. दाबा." अंगठा निसटला. होडी ओंडक्यावर फुटली. त्याने अंगठा पुन्हा ठेवला, वरून आपल्या अंगठ्याने दाबून धरला. होडी उडाली, फुटली, पुन्हा आली. किती वेळ ते असं चाललं होतं कोणास ठाऊक. मग त्याच्या लक्षात आलं की आबा टीव्हीकडे बघतच नाहीयेत. ते हातातल्या वस्तूकडे बघत होते, बाजारात कोणी अनोळखी माल पुढे करावा तसे, अदबीने आणि जरा संशयाने. त्यांचे ओठ हलले. घशातून आधी तो लांबट 'ऊं' आला, मग त्याच्यातून शब्द.

"हाई कोनं शे?"

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. सुनंदा पुढे झाली. अभिमनने आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमनंच शे आबा. तुमनंच."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. ती नजर आपल्या मुलाकडे बघणाऱ्या बापाची आहे का, हे अभिमनला ठरवता येईना. सावकाश, डाव्या हाताने, त्यांनी रिमोट उजव्या हातातून सोडवला आणि अभिमनच्या ओंजळीत ठेवला, वर दोनदा थोपटलं, परक्याची वस्तू परक्याला नीट पोचती करावी तसं.

"मनं नई," ते म्हणाले. "ज्यानं शे त्याले दी टाक."